मुरलीकांत पेटकर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्नमंजुषेत हमखास येणारा एक प्रश्न आहे : भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक कुणी मिळवून दिलं? निम्मा वर्ग एकसुरात ‘अभिनव बिंद्रा’ म्हणतो, परीक्षक मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न येतो. बिंद्राच्या ३६ वर्षं आधी सांगली जिल्ह्यातल्या एका माजी सैनिकाने जर्मनीतल्या तलावात सुवर्ण जिंकलं होतं, हे त्या खोलीत कुणाच्या गावीही नसतं. त्या माणसाबद्दल वाचक वारंवार जे विचारतात, त्याची ही उत्तरं. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

मुरलीकांत पेटकर कोण?

भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक विजेते. १९७२ साली पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्ण जिंकलं. वेळ होती ३७.३३ सेकंद आणि त्या गटातला तो विश्वविक्रम होता. त्याआधी ते भारतीय सैन्यात जवान होते आणि बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. २०१८ मध्ये पद्मश्री आणि जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, अर्जुन जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला.

मग पहिलं वैयक्तिक सुवर्ण नेमकं कुणाचं, पेटकरांचं की बिंद्राचं?

दोघांचंही, पण वेगवेगळ्या रकान्यांत. ऑलिंपिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्राचं : बीजिंग, ऑगस्ट २००८, १० मीटर एअर रायफल. त्याआधी ऑलिंपिकमध्ये भारताकडे जी सुवर्णपदकं होती ती सगळी हॉकीची, म्हणजे संघाची. पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण पेटकरांचं, ऑगस्ट १९७२ मधलं. ऑलिंपिक आणि पॅरालिम्पिक दोन्ही एकत्र धरले, तर भारताच्या नावावर वैयक्तिक सुवर्ण लागलं ते पहिल्यांदा पेटकरांमुळे.

प्रश्न विचारणाऱ्याने ‘ऑलिंपिक’ हा शब्द घातला असेल तर ‘बिंद्रा’ हे उत्तर बरोबरच आहे. तो शब्द नसेल, तर प्रश्नच अर्धवट आहे. गंमत अशी की हा शब्द गाळला जातो तेव्हा तो गाळल्याचं कुणालाच जाणवत नाही. ‘वैयक्तिक सुवर्ण’ म्हटलं की ते ऑलिंपिकचंच असणार, हे आपण मनात धरूनच चालतो. पेटकरांच्या आयुष्यातली निम्मी गुंतागुंत या धरून चालण्यातून आलेली आहे, आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांत ती पुन्हा पुन्हा भेटेल.

त्यांचा जन्म कुठला?

१ नोव्हेंबर १९४४, पेठ-इस्लामपूर परिसर, वाळवा तालुका. पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना महामार्गावर पेठ नाका लागतो, तोच हा भाग. सगळीकडे ‘सांगली जिल्हा’ असं लिहितात आणि आजच्या नकाशावर ते बरोबर आहे. त्यांच्या जन्माच्या वेळी मात्र हा तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं.

जन्मसाल लक्षात घेण्यासारखं आहे. १९४४ म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा ऐन काळ, आणि वाळवा तालुका तर त्याचा बालेकिल्ला. शिवाय हा कुस्तीचा मुलूख. तालीम, लाल माती, जत्रेतले फड या वातावरणात वाढलेल्या मुरलीकांतलाही कुस्तीचाच नाद होता. तिथून फार लांब नसलेल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, तेव्हा हा मुलगा सात वर्षांचा होता. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. म्हणजे ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक आणि पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण, दोन्ही कृष्णाकाठच्या एवढ्याशा पट्ट्यातून आली. आणि दोघांनाही देशाची दाद मिळायला फार उशीर झाला. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, त्यांच्या निधनानंतर सोळा वर्षांनी.

ते आधीपासून पोहणारेच होते का?

नाही. लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज हाच. कोवळ्या वयात ते सैन्याच्या बॉइज बटालियनमध्ये भरती झाले आणि पुढे ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि यांत्रिक अभियंता दलात गेले. सैन्यात त्यांचा खेळ होता बॉक्सिंग. १९६४ मध्ये टोकियोत झालेल्या आंतरराष्ट्रीय सैन्यदलांच्या क्रीडा स्पर्धेत ते बॉक्सर म्हणून उतरले होते. पोहणं हा त्यांचा स्पर्धेचा खेळ झाला तो जखमी झाल्यानंतर.

१९६५ मध्ये काय झालं?

भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. नऊ हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. एक गोळी मणक्यात अडकली. तिनेच सगळं बदललं, कारण पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा झाली की तिथून खाली मेंदूचे निरोप पोहोचत नाहीत. पायाला एक जखमही नसली तरी पाय हलत नाही.

त्यानंतरचा मोठा काळ रुग्णालयात गेला. मुंबईत कुलाब्याला नौदलाचं ‘अश्विनी’ रुग्णालय आहे, तिथे त्यांच्यावर उपचार झाले. वय जेमतेम वीस-एकवीस.

इतक्या जखमा झालेल्या माणसाला पाण्यात उतरवायचं कुणाला सुचलं?

हा उपचाराचा भाग होता. आजही आहे. छातीपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचं बहुतेक वजन पाणीच उचलतं. जमिनीवर जो सांधा हलवायला दोन माणसं लागतात, तो पाण्यात एका हाताच्या आधाराने हलतो. पाणी सगळ्या बाजूंनी सारखा विरोध करतं, त्यामुळे उरलेल्या स्नायूंना वजनं न उचलताही व्यायाम मिळतो. श्वास ताब्यात ठेवावा लागतो म्हणून छातीही काम करते. पडायची भीती नाही, हा फायदा कुठल्या तक्त्यात लिहीत नाहीत. पण महिनोन् महिने खाटेवर पडून राहिलेल्या माणसाला तो सगळ्यांत आधी कळतो.

यामागे मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जूची दुखापत म्हणजे हळूहळू येणारं मरण असंच धरलं जाई. रुग्ण दगावत ते मूळ जखमेने नव्हे, तर पडून पडून झालेल्या बेडसोअरने आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने. नाझी जर्मनीतून १९३९ मध्ये निसटून इंग्लंडला गेलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान यांनी ही समजूत मोडली. १९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथे त्यांचा मणक्याच्या दुखापतींचा विभाग सुरू झाला. (पेटकरांचा जन्म त्याच वर्षाचा, निव्वळ योगायोग.) रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, रात्रीसुद्धा, हा त्यांचा दंडक. आणि दुसरा दंडक खेळाचा. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन ज्या दिवशी झालं त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर व्हीलचेअरवरच्या १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकचं मूळ ते. रुग्णालयाच्या आवारात उगवलेली ही स्पर्धा आहे, आणि पेटकरांचा प्रवासही तसाच रुग्णालयातून स्पर्धेकडे गेलेला आहे.

पाय हलत नसताना माणूस वेगाने पोहतो कसा?

फ्रीस्टाइलमध्ये पुढे ढकलण्याचं बहुतांश काम हातच करतात. पायांच्या लाथांचं खरं मोल वेगळं असतं. त्या शरीराचा मागचा भाग वर धरून ठेवतात आणि अंग डावी-उजवीकडे हेलकावू देत नाहीत. लाथ गेली की दोन संकटं येतात. एक म्हणजे कंबर खाली बसते आणि मागे लोंबणारे पाय नांगरासारखे पाणी ओढतात. दुसरं म्हणजे प्रत्येक हातासरशी धड वेडंवाकडं वळतं, कारण त्याला तोलायला मागे काहीच नसतं.

यावर उपाय सगळे खांद्यावरचे. डोकं खाली ठेवून छाती पाण्यात दाबायची, म्हणजे तराजूच्या पारड्यासारखी कंबर थोडी वर येते. हाताची खेप सरळ रेषेत ठेवायची. श्वासासाठी मान कमीत कमी वळवायची. पोटाचे आणि पाठीचे स्नायू किती शाबूत आहेत यावर बरंच अवलंबून असतं, आणि ते इजा मणक्याच्या कुठल्या उंचीवर झाली यावर ठरतं.

एक गोष्ट सहसा लिहिली जात नाही. व्हीलचेअर वापरणारा खेळाडू ज्या खांद्यांनी तलावात शर्यत मारतो, त्याच खांद्यांनी तो दिवसभर खुर्ची ढकलत असतो, पलंगावरून उठत असतो, गाडीत चढत असतो. धावपटू शर्यतीनंतर पाय पसरून बसतो. या खेळाडूच्या खांद्यांना तशी सुट्टी नाही. पेटकरांच्या बाबतीत बॉक्सिंगमध्ये कमावलेले खांदे आणि दम पाण्यात कामी आले असणार, असं मला वाटतं.

१९६८ मध्ये तेल अवीवला त्यांना पदक मिळालं होतं का?

नाही. तिथे ते टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी जिंकून पुढे गेले. भारत पॅरालिम्पिकमध्ये उतरण्याची ती पहिलीच वेळ. त्याआधी १९६७ मध्ये गोळाफेक, भालाफेक, थाळीफेक, वेटलिफ्टिंग, टेबल टेनिस, तिरंदाजी अशा खेळांत ते महाराष्ट्राचे विजेते होते. एकच माणूस एवढे खेळ कसे खेळतो याचं आज नवल वाटतं. तेव्हाच्या पॅरा खेळाडूंमध्ये ते नवलाचं नव्हतं. पाठवायची माणसं मोजकी, म्हणून जो जातो तो चार-पाच प्रकारांत नाव देतो.

क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचा याच्याशी काय संबंध?

क्रिकेट सोडल्यानंतर मर्चंट यांनी अपंगांसाठी मोठं काम केलं. पेटकरांना परदेशी स्पर्धांना जाता आलं ते त्यांच्या संस्थेच्या मदतीमुळे.

स्पर्धा म्युनिकमध्ये झाली की हायडेलबर्गमध्ये?

हायडेलबर्गमध्ये. २ ते ११ ऑगस्ट १९७२.

गोंधळाचं कारण समजण्यासारखं आहे. त्या वर्षीचं ऑलिंपिक म्युनिकला होतं आणि पॅरालिम्पिक ऑलिंपिकच्याच गावी होतं ही आजची पद्धत. ती पद्धत पक्की झाली १९८८ च्या सोलपासून. १९७२ मध्ये म्युनिकमधलं खेळाडूंचं गाव ऑलिंपिक संपताच खासगी घरांत बदलायचं ठरलेलं होतं, म्हणून व्हीलचेअरवरच्या खेळाडूंसाठी तिथे जागा उरली नाही. नेकार नदीकाठच्या हायडेलबर्ग या विद्यापीठाच्या गावाने ही स्पर्धा घेतली. पश्चिम जर्मनीचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गुस्ताफ हायनेमान उद्घाटनाला होते. चाळीसहून अधिक देशांतून जवळपास हजार खेळाडू आले होते.

दुसरा गोंधळ याहून मोठा. म्युनिक १९७२ म्हटलं की इस्रायली खेळाडूंवरचा अतिरेकी हल्ला आठवतो, आणि काही लेखांत पेटकरांची शर्यत त्या हल्ल्याच्या छायेत झाल्याचं रंगवलेलं असतं. तारखा पाहा. हल्ला ५ सप्टेंबरचा. हायडेलबर्गची स्पर्धा त्याआधी तीन आठवड्यांहून अधिक काळ संपलेली होती, आणि ती संपली तेव्हा म्युनिकचं ऑलिंपिक सुरूही झालेलं नव्हतं. म्हणजे त्या वर्षी मार्क स्पिट्झने म्युनिकच्या तलावात सात सुवर्णपदकं जिंकून जगभर नाव केलं, त्याच्या आधीच भारताचं सुवर्ण जर्मनीतल्या दुसऱ्या तलावातून निघून आलं होतं.

३७.३३ सेकंद म्हणजे किती वेगवान?

गणित सोपं आहे. ५० भागिले ३७.३३, म्हणजे सेकंदाला साधारण १.३४ मीटर, तासाला ४.८ किलोमीटर. आपण रस्त्याने जरा भराभर चालतो त्या वेगाने, पण पाण्यात आणि फक्त हातांनी. चालताना हवेचा अडसर जाणवतही नाही. पाणी हवेच्या जवळपास आठशे पट दाट असतं.

धडधाकट जलतरणपटूंशी याची तुलना करायची खाज अनेकांना सुटते. १९७२ पुरती ती सरळसरळ करताच येत नाही, कारण म्युनिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ही शर्यतच नव्हती. ऑलिंपिकच्या कार्यक्रमात ती आली १९८८ मध्ये. शिवाय ही तुलना वजनगटाशिवाय कुस्ती लावण्यासारखी आहे. ज्यांच्या दुखापतीचं स्वरूप सारखं आहे अशांच्या गटात त्या दिवशी जगात सगळ्यांत वेगवान कोण, एवढाच प्रश्न होता.

‘५० मीटर फ्रीस्टाइल ३’ यातला ३ कशाचा?

गटाचा. त्या काळी खेळाडूंचे गट वैद्यकीय तपासणीवरून पडत. इजा मणक्याच्या कुठल्या उंचीवर आहे, त्यावर गट. हायडेलबर्गची स्पर्धा मुख्यतः मणक्याच्या दुखापतीने व्हीलचेअरवर आलेल्यांचीच होती, त्यामुळे ही पद्धत चालून जाई.

आजची पद्धत वेगळी आहे. निदान काय यापेक्षा त्या खेळात शरीर किती काम करू शकतं हे पाहतात. जलतरणात शारीरिक अपंगत्वासाठी एस १ ते एस १०, दृष्टिदोषासाठी एस ११ ते एस १३ आणि बौद्धिक अक्षमतेसाठी एस १४. पहिल्या दहांत आकडा जितका लहान, तितकी मर्यादा मोठी. ब्रेस्टस्ट्रोकसाठी एसबी आणि मेडलीसाठी, म्हणजे एकाच शर्यतीत अनेक प्रकारांनी पोहण्यासाठी, एसएम असे गट वेगळे असतात, कारण ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पायांवर जास्त भार असतो आणि एकाच खेळाडूची अडचण दोन प्रकारांत सारखी नसते. कृत्रिम हातपाय लावून पाण्यात उतरता येत नाही. सुरुवात मात्र उभ्याने, बसून किंवा पाण्यातूनच करता येते. म्हणूनच १९७२ च्या ‘३’ ला आजच्या एस ३ शी जोडू नका. दोन वेगळ्या मोजपट्ट्यांवरचे ते आकडे आहेत.

हायडेलबर्गमध्ये ते आणखी कशात उतरले होते?

भालाफेक, अचूक भालाफेक आणि व्हीलचेअर स्लॅलम. तिन्हींत अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. अचूक भालाफेकीत लांबी मोजत नाहीत, जमिनीवर आखलेल्या लक्ष्यावर भाला टाकायचा असतो. स्लॅलम म्हणजे अडथळ्यांमधून खुर्ची वळवत घड्याळाशी शर्यत. हे दोन्ही प्रकार आता पॅरालिम्पिकमध्ये नाहीत.

सुवर्ण जिंकून आल्यावर काय झालं?

नोकरी. पुण्यात टेल्को कंपनीत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, त्यांनी नोकरी केली आणि पुढचं आयुष्य पुण्यातच गेलं. भारत मात्र १९७६ आणि १९८० च्या पॅरालिम्पिकला गेलाच नाही. म्हणजे सुवर्ण जिंकलेल्या खेळाडूच्या मागे पुढची फळी उभी राहण्याऐवजी दारच बंद झालं. पुन्हा पदकं आली १९८४ मध्ये, जोगिंदर सिंग बेदी आणि भीमराव केसरकर यांच्या रूपाने. पुढचं सुवर्ण थेट २००४ मध्ये अथेन्सला देवेंद्र झाझरियाने भालाफेकीत मिळवलं. मध्ये बत्तीस वर्षं.

अर्जुन पुरस्कार त्यांना तेव्हाच का मिळाला नाही?

अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिले जातात, म्हणजे पेटकरांच्या वेळी ते होतेच. १९८२ मध्ये त्यांनी या पुरस्कारासाठी केलेली मागणी नाकारली गेली. त्यानंतर ते त्या वाटेला फारसे गेले नाहीत. २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, विजयानंतर ४६ वर्षांनी. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते अर्जुन जीवनगौरव पुरस्कार मिळाला. नाकारल्यापासून ४३ वर्षांनी तेच नाव, तोच पुरस्कार, पुढे ‘जीवनगौरव’ हा शब्द लागलेला.

कारण काय, हे विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा एखादा खलनायक हवा असतो. माझं मत वेगळं आहे. खेळातलं पदक आपोआप सरकारी कागदावर चढत नाही. त्यामागे त्या खेळाची संघटना लागते, नाव पाठवणारं कुणीतरी लागतं, गठ्ठ्यातली फाइल वर काढणारं कुणीतरी लागतं. कुस्तीला संघटना होती, हॉकीला होती. १९७२ मध्ये भारतात पॅरा खेळांसाठी अशी राष्ट्रीय संघटना नव्हती. जगातही आजची आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समिती नव्हती, ती स्थापन झाली १९८९ मध्ये. म्हणजे पेटकरांनी पदक जिंकलं तेव्हा ते ठेवायला खुंटीच नव्हती. हायडेलबर्गची बातमी कुणी ‘क्रीडा’ पानावर टाकायची की ‘समाजकल्याण’ म्हणून, इथपासून प्रश्न. अपंग माणूस पोहला याचं कौतुक झालं, तो जिंकला याची नोंद झाली नाही. हे दोन्ही एकच आहे असं वाटत असेल, तर पुरस्कारांच्या तारखा पुन्हा पाहाव्यात.

त्यांच्यावरचा चित्रपट कितपत खरा आहे?

जून २०२४ मध्ये कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ आला, पेटकरांची भूमिका कार्तिक आर्यनने केली. कुस्ती, सैन्य, बॉक्सिंग, युद्ध, तलाव ही चौकट खऱ्या आयुष्याची आहे. प्रसंग आणि संवाद मात्र चित्रपटाचे म्हणून पाहावेत. शाळेच्या भाषणात ते इतिहास म्हणून सांगू नयेत. चित्रपटाने एक मोठं काम केलं : ज्यांनी हे नाव कधीच ऐकलं नव्हतं त्यांनी ते शोधलं. तुम्हीही कदाचित तसेच इथे आला असाल.

‘पॅरालिम्पिक’मधला ‘पॅरा’ म्हणजे पॅरालिसिस का?

सुरुवातीला ‘पॅराप्लेजिक’ आणि ‘ऑलिंपिक’ यांचा जोडशब्द म्हणून तो वापरात आला. पॅराप्लेजिक म्हणजे ज्याचे दोन्ही पाय लुळे पडले आहेत असा. नंतर दृष्टिहीन, अवयव गमावलेले, सेरेब्रल पाल्सी असलेले असे खेळाडू आले आणि तो अर्थ तोकडा पडला. आता ग्रीक भाषेतला ‘पॅरा’ धरतात, म्हणजे ‘बरोबरीने, शेजारी’. ऑलिंपिकच्या शेजारचं.

अपंग म्हणायचं की दिव्यांग?

सरकारी मराठीत आता ‘दिव्यांग’. अनेक खेळाडू आणि कार्यकर्ते ‘अपंग’ हाच सरळ शब्द पसंत करतात, कारण त्यांना देवत्व नको, रॅम्प हवा. समोरच्याला विचारावं आणि तो म्हणेल तो शब्द वापरावा.

त्यांच्यानंतर जलतरणात भारताला पॅरालिम्पिक पदक कुणी मिळवलं?

२०२४ च्या पॅरिसपर्यंत कुणीही नाही. भारताने पॅरिसमध्ये २९ पदकं जिंकली, त्यात सात सुवर्ण; ॲथलेटिक्स, बॅडमिंटन, नेमबाजी, तिरंदाजी, ज्युदो इथून ती आली. तलावातून एकही नाही. आणि ऑलिंपिकमध्ये तर भारतीय जलतरणपटूला आजवर पदकच मिळालेलं नाही. त्यामुळे ऑलिंपिक-पॅरालिम्पिक मिळून भारतीय जलतरणाच्या खात्यात एकच पदक आहे, आणि ते पेटकरांचं. ही ओळ जलतरणाच्या प्रत्येक प्रशिक्षण शिबिरात भिंतीवर हवी होती.

याचा अर्थ मधे कुणी पोहलंच नाही असा नाही. प्रशांत कर्माकर यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य जिंकलं. शरथ गायकवाड यांनी २०१४ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत सहा पदकं आणली. दृष्टिहीन असलेल्या नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. विजेच्या धक्क्यात दोन्ही हात गमावलेला सोलापूर जिल्ह्याचा सुयश जाधव २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये पहिला आला. बटरफ्लाय, म्हणजे दोन्ही हात एकदम फेकत पोहण्याचा प्रकार. पुन्हा एकदा वाचा.

घरात मणक्याची दुखापत झालेली व्यक्ती आहे. पोहणं सुरू करता येईल का?

पुष्कळांना येतं, पण सुरुवात तलावावर नाही तर डॉक्टरांकडे करायची. उघडी जखम किंवा बेडसोअर असेल तर तो पूर्ण भरेपर्यंत पाणी वर्ज्य. लघवीची पिशवी किंवा कॅथेटर असेल तर त्याची व्यवस्था आधी विचारून घ्यावी. इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर रक्तदाब अचानक चढण्याचा धोका असतो, तो डॉक्टरांनी समजावून सांगायलाच हवा. अशा व्यक्तीच्या शरीराला तापमान सांभाळणं जड जातं, म्हणून गार पाण्यात फार वेळ नको.

एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट काठाची. ज्या पायांना संवेदना नाही ते खरखरीत फरशीवर घासले तरी कळत नाही, आणि त्या खरचटण्यातून महिन्याभराची जखम होते. काठावर जाड टॉवेल किंवा चटई घालावी, पायात मोजे घालावेत, पाण्याबाहेर आल्यावर टाचा आणि बैठकीची जागा रोज डोळ्यांनी तपासावी. पहिले काही दिवस प्रशिक्षक पाण्यात सोबत हवाच, काठावर उभा राहून सूचना देणारा नव्हे. आणि सुरुवात पाठीवर तरंगण्यापासून करावी : तोंड पाण्याबाहेर राहतं, पाय आपोआप वर येऊ लागतात, आणि धरलेला हात प्रशिक्षकाने कधी काढून घेतला हे पोहणाऱ्याला नंतर कळतं.